अंद्रेटा : लाहोरहून आलेली घरं

आमच्या गावात स्टुडिओ म्हणजे पासपोर्ट फोटो काढायचं दुकान. चित्रकाराचा स्टुडिओ मी विशीपर्यंत पाहिलेला नव्हता. त्याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट म्हणजे कुंभारआळीतला गणपतीचा कारखाना. आषाढ लागला की शाळेतून परतताना आम्ही तिथे अर्धा तास तरी रेंगाळायचो. कोणी हाकलायचं नाही, कोणी या बसाही म्हणायचं नाही. फक्त डोळ्यांची आखणी चालू असली की बोलायचं नाही, एवढा एक नियम होता. 'ओपन स्टुडिओ' हा शब्द पुढे नोकरीत असताना कुठल्याशा पोस्टरवर वाचला तेव्हा मला आधी तो कारखाना आठवला, आणि मग वाटलं, कलाकाराचं दार उघडं असतं याची जाहिरात कधीपासून करावी लागायला लागली?

गेल्या मार्चमध्ये मी महिनाभर पालमपूरला खोली घेऊन राहत होतो. काम लॅपटॉपवरचं, नेट चालत होतं, समोर धौलाधारचा बर्फ. आयटीतल्या माणसांनी डोंगरात जाऊन राहायची जी साथ आली आहे त्यातलाच मी एक. त्याबद्दल फार अभिमान नाही. शेवटच्या आठवड्यात बाबा आले. बाबा म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमधले निवृत्त कलाशिक्षक. एटीडी केलेले. बत्तीस वर्षं त्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली, गॅदरिंगचे पडदे रंगवले, सुविचाराचा फळा लिहिला, साहेब येणार असले की प्रवेशद्वारावरचं नाव नव्यानं रंगवलं. स्वतःची खोली अशी त्यांना चित्र काढायला कधी नव्हती. त्यांना कुठे न्यावं असा विचार करताना मला अंद्रेटा सापडलं.

कांगडा जिल्ह्यातलं, पालमपूरहून अर्ध्या-पाऊण तासावरचं हे गाव. पठाणकोट ते जोगिंदरनगर ही नॅरोगेज रेल्वे १९२९मध्ये सुरू झाली. तिच्यावरचं पंचरुखी हे इथलं जवळचं स्टेशन. आम्ही पंचरुखीपर्यंत बसनं गेलो आणि पुढे चालत. दोन्ही बाजूंना गव्हाची छोटी शेतं, बांबू, आणि पाटीच्या दगडाची छपरं असलेली घरं. पर्यटनाच्या पाट्यांवर याला 'कलाकारांचं गाव' म्हणतात. पण गाव कलाकारांचं नाहीच. गाव शेतकऱ्यांचं आहे, आणि त्याच्या कडेनं तीन-चार कलाकारांची घरं आहेत. हा फरक पायी गेल्यावर चटकन कळतो.

पहिलं घर नोरा रिचर्ड्सचं. सगळं तिच्यापासूनच सुरू होतं, म्हणून आधी तिच्याकडे.

नोरा (१८७६–१९७१) आयर्लंडची, नटी. नवरा फिलिप रिचर्ड्स लाहोरच्या दयालसिंग कॉलेजात इंग्रजी शिकवायला आला, त्याच्याबरोबर ही आली. तिच्या मायदेशात तेव्हा रंगभूमीची मोठी चळवळ चालू होती. डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर १९०४चं. आयरिश माणसांची नाटकं आयरिश माणसांनीच लिहायची, राजवाड्यातली नाही तर शेतातली आणि चुलीपुढची, असा त्यांचा आग्रह. नोरानं तोच आग्रह लाहोरच्या मुलांपुढे धरला. शेक्सपिअरची नक्कल आणि पारसी कंपन्यांचा झगमगाट सोडा, तुमच्या गावातलं, तुमच्या बोलीत लिहा. तिनं एकांकिकांची स्पर्धा लावली. तिच्या विद्यार्थ्यांपैकी ईश्वरचंद्र नंदा यानं लिहिलेलं 'दुल्हन' १९१४मध्ये उभं राहिलं, आणि आधुनिक पंजाबी नाटकाची सुरुवात तिथून मोजतात.

मराठी माणसाला हे वाचताना थोडं चढतं, हे कबूल करतो. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' १८४३चं, आणि लग्नाच्या बाजारावर नाटक म्हणाल तर देवलांचं 'शारदा' १८९९चं. लाहोरला १९१४पर्यंत थांबावं लागलं, तेही एका आयरिश बाईची वाट बघत! पण याच लाहोरमध्ये १९०१ साली कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढलं होतं. संगीत शिकायला राजाश्रय किंवा उस्तादाचं घर लागत नाही, फी भरून शाळेत शिकता येतं, ही कल्पना त्यांनी आपल्या मुलखात नाही तर तिथे जाऊन रुजवली. त्या काळचं लाहोर हे असं शहर होतं. बाहेरून येणाऱ्याला तिथे काहीतरी सुरू करावंसं वाटायचं.

१९२०मध्ये फिलिप वारला. नोरा मायदेशी गेली आणि १९२४मध्ये परत आली. या वेळी मात्र लाहोरात थांबली नाही. कांगड्यात येऊन राहिली. घर मातीचं बांधलं. गावातली इतर घरं बांधतात तसंच : मातीच्या भिंती, लाकूड, बांबू, वर पाटीचा दगड. घराचं नाव 'चमेली निवास'. अंगणापलीकडे उघड्यावर रंगमंच केला आणि डोंगराच्या उतारावर प्रेक्षक बसवले. तिचे विद्यार्थी, त्यांचे विद्यार्थी आणि आजूबाजूचे गावकरी तिथे नाटकं करायचे. पृथ्वीराज कपूर, बलराज साहनी इथे येऊन गेले.

त्या मातीच्या घराविषयी मला जरा वेळ थांबायचं आहे, कारण सगळे लोक त्यावरून हात फिरवून पुढे जातात. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्यात भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसं गेली. कांगड्याचा किल्ला, वज्रेश्वरीचं देऊळ, धरमशालेची छावणी, सगळं कोसळलं. मातीची भिंत आणि तिच्यावर जड पाटीचं छप्पर ही जुळणी भूकंपात किती घातक असते हे त्या सकाळी दिसलं. नोरा आली तेव्हा या गोष्टीला एकोणीसच वर्षं झाली होती. ज्या आईचं मूल पाटीखाली गेलं ती बाई तेव्हा पन्नाशीचीही नसेल. अशा ठिकाणी एका गोऱ्या बाईनं हौसेनं मातीचं घर बांधलं आणि इतरांनीही तसंच बांधावं म्हणून आग्रह धरला, तेव्हा गावकऱ्यांना काय वाटलं असेल? गावकरी मातीत राहत होते ते दुसरं परवडत नव्हतं म्हणून. नोरानं माती निवडली. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि महिनाभराचं भाडं भरून डोंगर 'निवडलेल्या' माणसानं तर हे विसरू नये.

तरीही तिच्याकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. ती महिनाभरासाठी आली नव्हती. त्याच मातीत ती जवळपास अर्धं शतक राहिली आणि म्हातारी झाली. १९७०मध्ये पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली, पुढच्या वर्षी मार्चमध्ये ती गेली. घर आता त्या विद्यापीठाकडे आहे.

आम्ही पोचलो तेव्हा घर बंद होतं. राखणदारानं अंगण आणि ओसरी बघू दिली. खिडकीतून डोकावलं तर एक रिकामी खोली दिसली. बाबांनी मात्र खिडकीकडे पाहिलंच नाही. ते भिंतीच्या कोपऱ्याशी उकिडवे बसले आणि बोटानं लिंपणाचा थर चाचपायला लागले. "हे वर्षातून एकदा तरी लिंपायला लागतं. आपल्या जुन्या घराला आजी दिवाळीच्या आधी करायची." राखणदार म्हणाला, इथेही बायकाच करतात. मग दोघांचं शेणाचं प्रमाण किती यावर बोलणं सुरू झालं, एकाचं हिंदी पहाडी आणि दुसऱ्याचं सातारी. मी तिथेच उभा राहून विचार करत होतो की नोराच्या पन्नास वर्षांत त्या भिंती कोणी लिंपल्या असतील. नोरावरच्या मी वाचलेल्या लेखांमध्ये पृथ्वीराज कपूर आहेत, लिंपणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव नाही. नाटक तर करून संपलं की संपलं. मागे उरलं ते घर, आणि ते या बायकांनी दर वर्षी पुन्हा केलं म्हणून उरलं.

नोरामागून जे आले ते बहुतेक लाहोरच्याच वाटेनं आले. नोराच्या नाट्यमंडळीतले प्रा. जय दयाल. भवेश सन्याल, ज्यांना कलाजगत बी. सी. सन्याल म्हणून ओळखतं. ते लाहोरला १९२९मध्ये लाला लजपतरायांचा पुतळा करण्याच्या निमित्तानं गेले, तिथल्या मेयो स्कूलमध्ये शिकवलं, नंतर स्वतःचं कलाविद्यालय काढलं. फाळणी झाल्यावर ते दिल्लीला आले, १९४९मध्ये 'दिल्ली शिल्पी चक्र' सुरू करणाऱ्यांत ते होते, पुढे ललित कला अकादमीचे सचिव झाले. अंद्रेट्यात त्यांनी घर केलं. आणि सोभा सिंग. ते १९४७मध्ये लाहोर सोडून आले आणि पुढे इथेच राहिले.

म्हणजे कलाकार निसर्गाच्या ओढीनं डोंगरात गेले ही पाटीवरची कथा अर्धीच खरी आहे. एक शहर फुटलं आणि त्याचा एक तुकडा इथे येऊन पडला. आपण फाळणीचा इतिहास रेल्वेगाड्या आणि छावण्यांमध्ये शोधतो, ते बरोबरच आहे. पण लाहोरचा चित्रकारांचा, नटांचा, मास्तरांचा जो कट्टा होता तो त्या ऑगस्टनंतर कुठे गेला, याचं एक छोटं उत्तर या भाताच्या खाचरांमध्ये आहे.

सोभा सिंगांचं घर आता कलादालन आहे. इथे गर्दी होती. पंजाबहून आलेली कुटुंबं, शाळेची एक सहल, नवं लग्न झालेलं एक जोडपं. लोक चपला बाहेर काढून आत जात होते, आणि ते सांगितलं म्हणून की आपसूक, ते मला कळलं नाही.

सोभा सिंग (१९०१–१९८६) गुरुदासपूर जिल्ह्यातल्या श्री हरगोबिंदपूरचे. पहिल्या महायुद्धानंतर सैन्यात ड्राफ्ट्समन म्हणून बगदादला होते. परतल्यावर व्यावसायिक चित्रकार झाले, लाहोरच्या अनारकलीत त्यांचा स्टुडिओ होता, सिनेमाच्या कलादिग्दर्शनाचं काम हातात असताना फाळणी झाली. मेयो स्कूलच्या अंगानं आलेले सन्याल आणि पोट भरण्यासाठी ब्रश धरलेले सोभा सिंग हे एकाच गावचे शेजारी, पण कलेच्या इतिहासात दोघांचा पत्ता वेगळा. सन्याल आधुनिक भारतीय कलेच्या पुस्तकांत आहेत. सोभा सिंग त्या पुस्तकांत जवळपास नाहीत. ते पंजाबातल्या घरोघरच्या भिंतींवर आहेत. 'सोहनी महिवाल'च्या छापील प्रती एका पिढीनं आंदणासारख्या घरात आणल्या. आणि १९६९मध्ये, गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंतीच्या वेळी त्यांनी काढलेलं नानकांचं चित्र : पांढरी दाढी, अर्धवट मिटलेले डोळे, आशीर्वादासाठी उचललेला हात. टॅक्सीत, ढाब्यात, ट्रकच्या काचेवर आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. कोणी काढलं हे विचारलेलं नाही.

नानकांचं समोर बसवून काढलेलं चित्र उपलब्ध नाही. म्हणजे आज करोडो लोक डोळे मिटल्यावर जो चेहरा पाहतात तो या घरात, या उत्तरेच्या खिडकीजवळ ठरला. बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "जी. कांबळे." मला क्षणभर लागला नाही. कोल्हापूरचे जी. कांबळे सिनेमाची पोस्टरं रंगवणारे, आणि त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र महाराष्ट्र शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं. सरकारी कचेरीत साहेबाच्या डोक्यामागे असतं ते. शिवाजी महाराजांच्या बाबतीत निदान सतराव्या शतकातली डच चित्रं आहेत, त्यातलं एक वा. सी. बेंद्र्यांनी १९३३मध्ये उजेडात आणलं, त्यामुळे चेहऱ्याला काहीतरी पुरावा होता. नानकांच्या चित्राला तोही आधार नव्हता. पण दोन्ही ठिकाणी एका समाजाचं आराध्य कसं दिसावं हे ठरवलं ते दालनांत प्रदर्शनं भरवणाऱ्या कलावंतांनी नाही, बोर्ड आणि पोस्टर रंगवून हात बसलेल्या माणसांनी. मला वाटतं त्याचं कारण साधं आहे. पोस्टरवाल्याला दुरून, घाईत, एका नजरेत ओळखता येईल असा चेहरा काढायची सवय असते. श्रद्धेलाही तेच लागतं.

कॅलेंडर आर्ट हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. रविवर्म्याच्या छापखान्यापासून, तो मुंबईहून हलवून लोणावळ्याजवळ मळवलीला नेला होता, थेट दलाल-मुळगावकरांपर्यंत सगळं त्या एका शब्दात भरतात. बाबा जे. जे.मध्ये शिकलेल्या मास्तरांच्या हाताखाली तयार झाले, त्यामुळे शिवी देण्यात तेही मागे नाहीत. 'हर ग्रेस द गद्दन' या चित्रापुढे ते बराच वेळ उभे होते. धौलाधारच्या मेंढपाळ गद्दी समाजातली बाई, डोक्यावर ओढणी, नजर खाली. मी विचारलं, कसं वाटतं? "बोटं फार निमुळती. या बाईनं आयुष्यात दोर वळलेला दिसत नाही." थोड्या वेळानं : "पण कातडीखालचं रक्त दिसतंय बघ. हे नाही शिकवता येत."

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. पंजाबीत, हिंदीत, इंग्रजीत लोकांनी पानं भरली होती. 'बहुत सुंदर' सगळ्यात जास्त. बाबांनी नाव लिहिलं, गाव, तालुका, जिल्हा लिहिला, जात्याच्या सवयीनं पिनकोडही लिहिला, आणि अभिप्रायाच्या रकान्यात काही न लिहिता समोरच्या छपराच्या पाट्या पेनानं काढल्या. दोन मिनिटांत. सावलीसकट.

मला त्या वेळी नैनसुख आठवला, आणि आठवला म्हणून त्याच्याबद्दल इथे सांगितलंच पाहिजे. कारण कांगड्यात चित्रकाराचं घर ही गोष्ट नोराच्या आधी दोनशे वर्षांपासून होती. याच जिल्ह्यातलं गुलेर. तिथे पंडित सेऊ आणि त्याची मुलं माणकू आणि नैनसुख. जातीनं तरखाण, म्हणजे सुतार. स्टुडिओ म्हणजे घरच. बाप, मुलगे, पुतणे एका छताखाली बसून रंग वाटणार, कागद घोटणार. या लघुचित्रांचा अभ्यास करणारे आधी संस्थानांच्या नावानं शैल्या लावत होते : गुलेर शैली, बसोली शैली, कांगडा शैली. बी. एन. गोस्वामींनी ते उलटवलं. १९६८मध्ये मुंबईच्या 'मार्ग'मध्ये त्यांनी मांडलं की शैली संस्थानाची नसते, घराण्याची असते. चित्रकार एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जातो आणि हात आपल्याबरोबर नेतो. आणि ही घराणी त्यांनी शोधली कुठे, तर हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांमध्ये. आपल्याकडे नाशिकला, त्र्यंबकला क्षेत्रोपाध्यायांकडे गेलं की गाव-आडनाव सांगताच पणजोबांची सही काढून दाखवतात, तशाच त्या. तिथे चित्रकारांनी येऊन बापाचं, आजोबाचं नाव नोंदवलं होतं. नैनसुख १७६३ साली तिथे गेला. त्याचा आश्रयदाता बलवंतसिंग वारला होता, त्याच्या अस्थी घेऊन. पंड्याच्या बहीत त्यानं स्वतःच्या हातानं नोंद केली आणि रिवाजाप्रमाणे नुसतं नाव लिहून न थांबता त्या पानावर चित्रही काढलं.

दरबारानं ज्यांची नावं ठेवली नाहीत त्यांची नावं तीर्थोपाध्यायानं ठेवली. आमच्या शाळेच्या पन्नाशीच्या स्मरणिकेत संस्थाचालकांचे फोटो आहेत, मुख्याध्यापकांची यादी आहे. मुखपृष्ठ बाबांचं आहे, पण ते कुठे छापलेलं नाही. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलेलं नाही. इंजिनिअरिंगला जाताना मीच ती स्मरणिका चाळताना पाहिलं. इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती. जे. जे.चा फॉर्म आणू का विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "चित्र कुठे पळून जात नाही. आधी पोटाचं बघ." मी पोटाचं बघितलं.

दुपारी जेवून मातकामाच्या ठिकाणी गेलो. अंद्रेटा पॉटरी १९८३पासूनची, पण तिची मुळं पार टोकियोत आहेत. सरदार गुरुचरण सिंग हे भारतातल्या स्टुडिओ पॉटरीचे आद्य पुरुष. तरुणपणी दिल्लीत भट्टीच्या धंद्यात शिकायला लागले, १९१९मध्ये जपानला गेले. तिथे त्यांची बर्नार्ड लीच, हमादा, तोमिमोतो यांच्याशी गाठ पडली, म्हणजे पुढे ज्यांनी विसाव्या शतकातल्या मातकामाची दिशा बदलली नेमके तेच लोक, तेही विशी-तिशीतले असताना. भांडं हे वापरायचं असावं, त्यावर सही नसली तरी चालेल, खेड्यातल्या अनामिक कुंभाराचा हात हाच खरा, असं मानणारी ती मंडळी. गुरुचरण सिंगांनी परतल्यावर दिल्लीच्या जुन्या पठाणी निळ्या कामाचं आणि या जपानी शिक्षणाचं नातं जुळवलं, १९५२मध्ये 'दिल्ली ब्लू पॉटरी' सुरू केली. नोराच्या ओळखीनं त्यांचंही घर अंद्रेट्यात झालं, आणि त्यांचा मुलगा मनसिमरन आणि सून मेरी यांनी इथली पॉटरी उभी केली.

यातला पेच मला मोहवतो. जपानी विचारवंत म्हणाले, अनामिक कुंभार थोर. तो विचार जपानहून दिल्लीमार्गे कांगड्यात आला, आणि कांगड्यात तर अनामिक कुंभार आधीपासून बसलेलाच होता! पॉटरीच्या आवारात एक छोटं संग्रहालय आहे, त्यात या भागातली जुनी मातीची भांडी मांडली आहेत : पाण्याची, दह्याची, धान्याची. ती कोणी केली ते कळत नाही. सिद्धांताप्रमाणे ते बरोबरच म्हणायचं. पण सिद्धांत लिहिणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला पाठ आहेत.

एक बाई ताटलीवर पातळ मातीची धार सोडत नक्षी काढत होत्या. हात अधांतरी, कोपर गुडघ्यावर टेकलेलं. बाबा म्हणाले, "रांगोळी." बाई हसल्या. इथल्या भांड्यांवरची नक्षी खरंच रांगोळीच्या वळणाची असते. फरक एवढाच की ती पुसायची नसते. बाबांनी चाकावर बसायला आधी नको म्हटलं आणि मग बसले. पहिला गोळा फिस्कटला, दुसऱ्याचा कप झाला, एका बाजूला कललेला. शिकवणारा मुलगा म्हणाला, वाळायला वेळ लागेल, मग भट्टी, मग ग्लेझ, पुन्हा भट्टी. पत्ता ठेवून जा, पाठवू. कच्चा नेता येणार नाही का, मी विचारलं. नेऊ शकता, तो म्हणाला, पण पाणी ओतलंत की विरघळेल. सोहनी कुंभाराचीच मुलगी होती. घडा धरून चिनाब पोहत जायची, आणि नणंदेनं एका रात्री भाजलेल्या घड्याच्या जागी कच्चा ठेवला. सकाळी ज्या चित्रापुढे नवं जोडपं सेल्फी काढत होतं, त्यातला घडा मला आता नीट कळला.

परतताना वाटेत बाबांना दीदी काँट्रॅक्टरबद्दल सांगत होतो. ही बाई जर्मन बापाची नि अमेरिकन आईची, लग्न करून आली ती नाशिकच्या एका गुजराती एकत्र कुटुंबात, मग मुंबईत जुहूला राहिली, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अंद्रेट्याला आली. पुढे धरमशालेजवळच्या सिद्धबाडीत गेली. वास्तुशास्त्राची पदवी नाही, काही नाही. पण माती, बांबू आणि पाटीच्या दगडात तिनं या खोऱ्यात घरं, दवाखाना, शिबिरांच्या इमारती उभ्या केल्या. २०१९मध्ये तिला नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२१मध्ये ती गेली. नोरानं मातीचं घर बांधून घेतलं. दीदीनं मिस्त्र्यांबरोबर बसून ते बांधायची रीत पुढे नेली, आणि तेही अशा वेळी जेव्हा गावातली माणसं पैसे साठवून सिमेंटकडे निघाली होती. ते निघाले यात त्यांची चूक नाही. १९०५ विसरलेलं नाही कोणी. आणि दर वर्षी भिंत लिंपायचा कंटाळा येणं हाही माणसाचा हक्कच आहे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाशिकमध्ये कुठे राहायची?" ते मला माहीत नव्हतं. मग ते पंचरुखीपर्यंत काही बोलले नाहीत. स्टेशनजवळ बसची वाट बघताना त्यांनी बॅगेतून जुनी, अर्धी वापरलेली तपासणीची वही काढली. मागच्या कोऱ्या पानांवर दिवसभरात पाच रेखाटनं झालेली होती. नोराची ओसरी, राखणदाराचे हात, वहीवरची पेनाची पाटी पुन्हा एकदा, नक्षी काढणाऱ्या बाईचं कोपर, आणि एकात मी, पाठमोरा, मोबाइल बघताना. कधी काढली ते मला कळलंही नव्हतं.

कपाचं पार्सल पाच आठवड्यांनी साताऱ्याला आलं. भाजताना तो आणखी थोडा कलला आहे, त्यामुळे चहासाठी उपयोग नाही. आई त्यात सुट्टे पैसे ठेवते.